श्रावणातली शिकार

सुट्टी ठरवताना मी तीन वेळापत्रकं समोर घेऊन बसले होते. एक मुलीच्या शाळेचं, दुसरं नवऱ्याच्या शिल्लक रजेचं आणि तिसरं रेहबॉकचं. रेहबॉक म्हणजे इथल्या, जर्मनीतल्या रानातल्या एका लहानशा हरणाचा नर, आपल्याकडच्या भेकराएवढा. एरवी तो झाडीतून नाक बाहेर काढत नाही. पण जुलैअखेरीला माजावर आला की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही, मादीच्या हाकेसरशी भरदुपारी उघड्यावर धावत येतो. शिकार शिकलेल्या माणसाला असे दिवस वर्षातून एकदाच मिळतात.

तिन्ही वेळापत्रकं एका आठवड्यात जुळली तेव्हा मला इतका आनंद झाला की त्याच बैठकीत मी र्‍यूगेन बेटावरचं दोन खोल्यांचं सुट्टीघर भाड्यानं घेऊन टाकलं. चौथं वेळापत्रक, म्हणजे पंचांग, स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. ते बघायचं मला सुचलं नाही. बेटावर पोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी श्रावण लागत होता.

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. मी कोल्हापूरची. आमच्या घरात अकरा महिने तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावाचून पाहुण्याला सोडत नसत आणि बाराव्या महिन्यात अंड्याचं नाव काढलं तरी आई डोळे वटारायची. श्रावणात मुंगीसुद्धा बघून पाऊल टाकायचं, असं तिचं म्हणणं. तिच्या पोटी जन्म घेऊन मी श्रावणातला मुहूर्त साधून हरीण मारायला निघाले होते, आणि तेही वडिलांना बरोबर घेऊन.

आप्पा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे वोल्फ्सबुर्गला आले होते. वय सत्त्याहत्तर. आयुष्य फाउंड्रीच्या मशीनशॉपमध्ये गेलं, फोरमन म्हणून निवृत्त झाले. मशीनच्या आवाजानं डावा कान गेलेला, त्यामुळे ते बोलतात ते मोठ्यानं आणि मोजकं. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले ती त्यांच्यामुळे. शाळेतून येताना शॉपच्या दारात उभी राहायचे, तेव्हा ते माझ्या हातात मायक्रोमीटर द्यायचे आणि म्हणायचे, बघ, केसाची जाडी मोजून बघ. त्यांच्याशी बोलताना माझी भाषा अजूनही आपोआप कोल्हापूरला जाते. 'मी जाते'चं 'मी जातो' होतं आणि पुण्याचा नवरा कौतुकानं हसतो.

पण त्या उन्हाळ्यात आमच्या बोलण्यात एक खड्डा होता आणि दोघंही त्याला वळसा घालून चालत होतो. दीड वर्षापूर्वी आई गेली. शेवटचं असं कळल्याबरोबर मी निघाले होते, पण बर्फामुळे फ्रँकफुर्टहून विमान उडालंच नाही. मी पोचले तोवर एक दिवस उलटून गेला होता आणि सगळं आटोपलं होतं. आप्पा ओसरीवर बसले होते. मला बघून "जेवून घे" एवढंच म्हणाले. त्यानंतर आईचा विषय त्यांनी माझ्यासमोर कधी काढला नाही. भावाशी बोलायचे, माझ्या नवऱ्याशीही बोलायचे, मी खोलीत आले की गप्प. मी मनाशी पक्कं धरलं होतं की त्यांनी मला माफ केलेलं नाही. मला त्यांना एकच विचारायचं होतं, आईनं शेवटी माझी आठवण काढली का. अडीच महिने ते माझ्या घरात होते आणि माझी जीभ उचलत नव्हती. बेटावरचा आठवडा संपला की दोन दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं.

"सरळ विचार ना," नवरा म्हणायचा.

"तू गप्प बस," मी म्हणायचे. माझा स्वभाव असा आहे. चुकलेल्या माणसाला मी पटकन बोलते आणि स्वतः चुकले की त्याहून पटकन.

आता शिकारीचं. मी जन्मजात शिकारी वगैरे नाही. माझ्या कंपनीत एक ज्येष्ठ सहकारी होते, मोजमाप विभागात. हिवाळ्यात रानडुकरांची हाकाऱ्याची शिकार असते, त्यात झाडीतून ओरडत चालायला माणसं लागतात. कँटीनमध्ये मी कुणाला तरी झापत होते ते त्यांनी ऐकलं आणि थेट येऊन विचारलं, शनिवारी येतेस का? मी गेले. चार तास चिखलातून "हो हो हो" करत फिरले, शेवटी शेकोटीपाशी वाटाण्याचं गरम सूप प्याले आणि वोल्फ्सबुर्गच्या सुनसान शनिवार-रविवारांना वैतागलेल्या मला एकदम बरं वाटलं. पुढे परीक्षा दिली. जनावरांचे रोग, कायदा, कुत्री, दात, गवतं, काय काय असतं तिच्यात. इथे तिला गमतीनं हिरवी बारावी म्हणतात. पहिल्या खेपेला मी गवतांत नापास झाले. दुसऱ्या खेपेला पास झाले तेव्हा ते सहकारी निवृत्त होऊन आपल्या गावी, म्हणजे या र्‍यूगेन बेटावर, परतले होते. नवरा त्यांना गुरुजी म्हणतो, तेव्हापासून आमच्या घरात ते गुरुजीच. गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला की त्यांच्या हद्दीतल्या रानात एक म्हातारा रेहबॉक आहे, तो तुझा. माझा पहिलावहिला.

नवरा शुद्ध शाकाहारी. माझ्या प्रमाणपत्राला तो खाटीकखात्याचा डिप्लोमा म्हणतो, पण तळघरातल्या फ्रीझरला मोठा कप्पा त्यानंच बसवून दिला. अशा माणसाबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. बेटाची योजना ऐकल्यावर तो म्हणाला, "एका दगडात दोन पक्षी, काय? बरंय. रोज दोन तास तुझे, बाकीचे आमचे. आणि आप्पांना काय सांगणार?"

आप्पांना सांगणार होते खोटं. माझ्या या उद्योगाचा त्यांना पत्ता नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. निघायच्या दिवशी रायफलची कुलूपबंद काळी पेटी मी दाराशी आणून ठेवली आणि किल्ल्या घ्यायला वर गेले. खाली आले तर आप्पांनी ती उचलून गाडीत ठेवलेली.

"काय आहे गं हे?"

"ड्रॉइंगं आहेत, आप्पा. ऑफिसची."

"हां," ते म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

बेटावर शिरल्याबरोबर मी आधी गुरुजींच्या घरी गेले आणि पेटी त्यांच्या लोखंडी कपाटात ठेवून आले. कायदाच तसा आहे. आप्पा गाडीतच बसून होते. ऑफिसची ड्रॉइंगं बेटावरच्या शेतघरात कशी काय उतरली, हे त्यांनी विचारलं नाही.

पहिले दोन दिवस समुद्रात गेले. इथला समुद्र थंड आणि शहाणा, लाटा अशा की लेकराला पाळण्यात घालावं. वाळूत वेताच्या झाकणवाल्या दोन-दोन माणसांच्या खुर्च्या भाड्यानं मिळतात. आप्पांना ती खुर्ची फार आवडली. तिची पाठ मागेपुढे करायची खटकी त्यांनी तीनदा उघडून पाहिली, बिजागरीला तेल नाही म्हणून चुकचुकले, आणि मग पँट, बुशशर्ट, मोजे, बूट अशा पूर्ण वेषात तिच्यात बसले. मुलगी तेरा वर्षांची. ती मराठी समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, पण आजोबांसाठी तिनं वाळूत चक्क भट्टी बांधली. आप्पा खुर्चीतून सूचना करत होते आणि ती "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, बरोबर, करत खणत होती. दोघांचं उत्तम चाललं होतं.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यानं चालत निघालो आणि न बघता वस्त्रहीनांच्या भागात शिरलो. इथल्या किनाऱ्यावर ही जुनी पद्धत आहे. सत्तरीच्या पुढचं एक जोडपं, अंगावर फक्त चष्मे, शांतपणे थर्मासमधून कॉफी ओतत बसलेलं. त्यांनी आम्हाला हसून नमस्कार केला. नवऱ्यानं आकाशातले पक्षी मोजायला घेतले. मला आता जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. आप्पांनी टोपीला हात लावून त्या दोघांना उलट नमस्कार केला, चार पावलं पुढे गेले आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "वाळू घुसत नसंल व्हय यांना?" मुलगी हसून हसून वाळूत बसली. मीही इतकी हसले की पोट दुखलं. दीड वर्षात आप्पांसमोर मी अशी हसले नव्हते आणि त्या नागड्या म्हातारा-म्हातारीचे मी आजही आभार मानते.

या दोन दिवसांत "पाव आणते" म्हणून मी दोनदा गुरुजींकडे जाऊन आले. गुरुजी बीच नावाच्या रानझाडाचं पान दोन अंगठ्यांत ताणून फुंकायचे. त्यातून मादीची बारीक, व्याकूळ हाक निघते. हरीण आलं नाही. मी पाव घेऊन परतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आले तर आप्पा आंघोळ करून कॉफीच्या यंत्रासमोर हात जोडून उभे. यंत्रावर त्यांनी खिशातला महादेवाचा छोटा फोटो टेकवला होता. "श्रावण लागला," ते म्हणाले. "पोरीला सांग, ते मासळीचं पाव आता माझ्यासमोर नको."

त्या दिवशी गुरुजींना मी सगळी अडचण सांगितली. त्यांनी मन लावून ऐकलं.

"किती दिवस असतो हा पवित्र काळ?"

"महिनाभर."

"असं बघ," ते डोकं खाजवत म्हणाले, "बॉकचा आठवडाभरच असतो."

मी काय केलं? जे घाबरट माणूस करतं तेच. श्रावणही मोडला आणि कबूलही केलं नाही. त्या दिवशी आणि पुढच्याही दिवशी पाव आणायला गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. चौथ्या दिवशी बॉक दिसला, पण गव्हाच्या पलीकडे, नुसते कान आणि शिंगांची टोकं. मी रायफल उचललीसुद्धा नाही. घरी आले तर आप्पा दारातच.

"पावाला दोन तास लागत्यात इथं?"

"रांग होती, आप्पा."

"हां."

पाचव्या दिवशी नवरा आणि मुलगी बोटीतून खडूचे पांढरे कडे बघायला गेले. बोट लागते म्हणून आप्पा घरी थांबले. मला वाटलं, आज गेलं आपलं. त्यांना एकटं टाकून जाता येणार नव्हतं आणि हातात दोनच दिवस उरले होते. मी धुसफुसत भांडी घासत होते. भांडी इतकी आपटत होते की घरमालकाची एक बशी फुटली. आप्पा बाल्कनीतून आत आले. त्यांनी बूट घातलेले होते.

"चल. पेटी ठेवलीयास तिथं मी बी येतो."

"कुठली पेटी?"

"लांबडी. काळी. ड्रॉइंगाला चार किलो वजन असतंय व्हय गं? आणि तेबी सगळं एका अंगाला?"

मी हात पुसत उभी राहिले. चाळीस वर्षं ज्यानं कास्टिंग हातावर तोलून वजन सांगितलं, त्या माणसापुढे मी ड्रॉइंगं म्हणाले होते.

"आणि तुझ्या घरी तळघरात फ्रीझर हाय," ते पुढे म्हणाले. "वाटाणे काढाय गेलतो पहिल्याच आठवड्यात. पाकिटावर डुकराचं चित्र आणि तुझं अक्षर."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

मला रडू येणार होतं, त्याऐवजी राग आला. मी म्हटलं, "आप्पा, श्रावण आहे. मला ठाऊक आहे श्रावण आहे. मी चुकलो. पंचांग बघितलंच नाही."

"श्रावणात खायचं न्हाई म्हणून सांगितलंय. बघायचं न्हाई म्हणून कुणी सांगितलंय?" त्यांनी पाण्याची बाटली उचलली. "चल लवकर. ऊन चढाय लागलं."

गुरुजी फाटकाशी उभे होते. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना नीट न्याहाळलं. आप्पांनी हात जोडले, गुरुजींनीही जोडले, मग त्यांनी हात पुढे केला, तोवर आप्पांनी आपला मागे घेतला होता. शेवटी गुरुजींनी कमरेचा सुरा काढून दाखवला. आप्पांनी तो अंगठ्यावर आडवा फिरवून धार बघितली आणि मान हलवली. त्यानंतर त्यांच्यात भाषेची काही अडचण उरली नाही.

मला धास्ती होती ती आप्पांच्या आवाजाची. त्यांचं कुजबुजणंही शेजारच्या वावरात ऐकू जातं. "अजिबात बोलायचं नाही," मी तीनदा बजावलं. शेताच्या कडेला बीचच्या चार झाडांखाली आम्ही बसलो. मी खोडाला टेकून, गुरुजी माझ्या उजवीकडे आणि आप्पा मागे घडीच्या स्टुलावर. समोर पिकलेला गहू, त्याच्या अलीकडे गवताची रुंद पट्टी, उजव्या हाताला उतारावर झाडी. लांबवर समुद्राची निळी रेघ होती.

गुरुजींनी पान फुंकलं. थांबले. पुन्हा फुंकलं. अर्धा तास गेला, मग आणखी अर्धा. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मागून श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. ज्या माणसाला टीव्हीवरच्या बातम्यांना उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही तो माणूस तासभर दगडासारखा बसला होता. माझ्यासाठी बसला होता. हे तेव्हाच माझ्या ध्यानात आलं आणि मला फार बरं वाटलं.

मग गहू हलला. तो आला ते धावतच. गवतात येऊन थांबला आणि मान वर करून आमच्याच दिशेनं बघायला लागला. तांबूस अंग, पांढरट पडलेलं तोंड, मानेवर म्हातारपणाची जाडी. तो समोरासमोर उभा होता तोवर मी बोट घोड्यावर नेलं नाही. गुरुजींनी अगदी हलकं फुंकलं. तो वळला, बाजू दिली. त्याच्या मागे उताराची माती होती, गोळी अडायला जागा होती. एवढं सगळं मी बघितलं आणि मग गोळी झाडली.

तो उंच उडाला, झाडीच्या दिशेनं वीसेक पावलं गेला आणि पडला. गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं. लगेच धावायचं नसतं, त्याला निवांत जाऊ द्यायचं असतं. त्या दहा मिनिटांत रायफल गुरुजींनीच रिकामी केली. आनंद झाला होता का? झाला होता. खोटं कशाला सांगू. आणि त्याच वेळी तो पडला त्या जागेवरून माझी नजरही हलत नव्हती.

आम्ही तिघं चालत गेलो. बॉक उजव्या कुशीवर पडला होता, डोळे उघडे. गुरुजींनी ओकची एक डहाळी मोडली, गुडघा टेकून त्याच्या दातांमध्ये आडवी ठेवली, उठले, टोपी काढली आणि मान खाली घालून उभे राहिले. मीही उभी राहिले. इथले शिकारी हे नेहमी करतात. मी हे डुकरांच्या वेळी पाहिलेलं होतं, स्वतः मात्र कधी इतक्या जवळ उभी नव्हते.

मागे वळून बघितलं तर आप्पा वाकून बूट काढत होते. नुसत्या मोज्यांवर गवतातून चालत ते जवळ आले.

"तोंडात काय घातलं त्यांनी?"

"डहाळी. शेवटचा घास म्हणतात. ज्याचा जीव घेतला त्याला उपाशी पाठवायचं नाही म्हणून."

आप्पांनी वाकून ती डहाळी बघितली. मग खाली बसले. बाटलीचं झाकण काढलं, ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि त्या जनावराच्या तोंडावर, डहाळीच्या पानांवरून, थेंब थेंब सोडलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझी आई पाणी घेत नव्हती," आप्पा म्हणाले.

त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन गवतात बसले.

"आदल्या दिवसापासनं तोंडच मिटून घेतलतं. मी चमचा लावायचा, तिनं मान वळवायची. तुझ्या काकीनं तुळशीचं पान आणून ठेवलं. मी म्हणालो, घे की गं एक घोट. तर म्हणाली, पोरीचं विमान उडालं का?"

मी गवतातलं बाटलीचं झाकण उचलून हातात घेतलं.

"रात्री दोनदा विचारलं. मी म्हणायचा, न्हाई अजून. पहाटं चारच्या सुमाराला परत विचारलं. तुझा भाऊ फोनवर बघत हुता, त्यात लिवलं हुतं, लेट, लेट. मला दिसत हुतं ती जायला लागलीया." त्यांनी हाताचा तळवा पँटला पुसला. "मी म्हणालो, उडालं. मग तिनं तोंड उघडलं. दोन चमचे घेतलं, पानासकट. आणि गेली."

समुद्राकडून वारा येत होता आणि गहू सळसळत होता.

"सगळं आयुष्य तिच्याशी खोटं बोललो न्हाई," आप्पा म्हणाले. "आणि जाताना बोललो. तुला कसं सांगायचं? तुझं नाव घेऊन खोटं बोललो आईशी. तू आलीस तवा तोंड कसं दाखवावं कळंना. म्हणून मी आपला गप्पच."

दीड वर्ष मी समजत होते की ते माझ्यावर रागावलेत. आणि हा माणूस तेवढंच दीड वर्ष माझ्यापासून तोंड चुकवत फिरत होता. मी त्यांचा ओला हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

"आप्पा," मी म्हटलं, "तिकडं पहाटंचं चार म्हणजे इथं रात्रीचे साडेअकरा. त्या वेळेला मी विमानातच होतो. दार लावलं होतं. पट्टा बांधून तीन तास बसलो होतो आत. पंखांवरचं बर्फ काढत होते. बाराला उतरवलं आम्हाला."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. हिशेबी डोळ्यांनी, यंत्रावरून उतरलेला जॉब हातात घेऊन माप लागतंय का बघावं तसं.

"आत बसलीवतीस?"

"आत. खिडकीजवळ."

"दार लावलं हुतं?"

"लावलं होतं."

"मग अगदीच खोटं न्हाई झालं," आप्पा म्हणाले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागले. "बरं केलासा, आप्पा," मी म्हणत राहिले, "लई बरं केलासा." गुरुजी टोपी हातात धरून तसेच उभे होते.